सुजितनं अर्धा सोडलेला स्टड

काळेवाडी,
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

प्रिय तेजल,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते की सगळं बरं आहे. गुडघे जसे होते तसेच आहेत, बीपीची गोळी चुकवत नाही, आणि शेजारच्या मांजरीनं आपल्या टायरांच्या ढिगात पुन्हा पिल्लं घातली आहेत. फोनवर सांगण्यासारखं असतं तर फोनच केला असता. पण आपलं फोनवर काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतेस जेवलात का, मी विचारते जेवलीस का, दोघी जेवलेल्या असतो, मग तू म्हणतेस साणंदला ऊन फार आहे, मी म्हणते इथंही आहे, आणि झालं बोलणं. खरं काही तोंडाशी आलं की तू म्हणतेस, आई, नंतर बोलू. पत्राला तसं म्हणता येत नाही. सातवी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, शुद्धलेखनाकडं बघू नकोस, पण शेवटपर्यंत वाच. मधेच ठेवून चहा करायला उठू नकोस.

तर पहिली गोष्ट आधी सांगून मोकळी होते. मी जीपला हात लावला. गणपती झाल्यावर तू कंपनीच्या गुजरातेतल्या साणंदच्या प्लांटला निघालीस, रिक्षात बॅग ठेवली, आणि परत आत येऊन मला म्हणालीस, "आई, त्या जीपला कुणाला हात लावू देऊ नका. त्यांनी जिथं सोडलीय तिथंच राहू द्या." मी मान हलवली होती. तुझा शब्द मोडला, आणि चोरून नाही, उघड्यावर, भर दिवसा मोडला. रागव माझ्यावर, तुझा हक्क आहे. पण कसा मोडला ते ऐकून घे, मग रागव.

ही जीप ह्यांनी कशी आणली ते तुला सुजितनं सांगितलं असेल, पण त्यानं त्यात मीठमसाला घातलाच असणार. खरं असं की ओतूरच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात ती उभी होती, तिच्यावर कोंबड्या बसत. ह्यांना जुन्या इंजिनाचा भारी सोस. टेम्पोला दोर बांधून आणली ती काळेवाडीत, तेव्हा सुजित एवढासा, स्टीअरिंगला लोंबकळत तोंडानं हॉर्न वाजवत आला सगळ्या वस्तीतून. मी दारातच विचारलं, हे धूड कशाला? तर म्हणाले, आपल्याला मुलगी झाली की तिची पाठवणी ह्याच्यातून करायची, पुढं झेंडूची तोरणं लावून, आणि गाडी चालवायला मी. आता परांड्याहून नुसती एक पत्र्याची पेटी घेऊन आलेला माणूस, भाड्याचं गॅरेज, आणि पाठवणीच्या गोष्टी! मी हसले. पुढं मुलगी काही झाली नाही आणि जीपही काही चालू झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, गिऱ्हाइकाच्या गाड्यांपुढं घरची गाडी कायम मागं. कधी मी टोचलं तर म्हणायचे, सुमन, दोन्ही कामं देवाच्या हातात आहेत, एक जरी झालं तरी दुसरं आपण करू.

मग हे गेले, आणि मी गॅरेजचं शटर खाली ओढायच्या ऐवजी वर केलं. तेव्हा लोक काय काय बोलले ते सोड. ह्यांच्या हातात पाने देता देता ते ओळखायला शिकले होते, ते कामाला आलं. स्कूटरचा कार्बोरेटर आणि घरचा स्टोव्ह, दोघांचं पोट एकच असतं गं, साफ केलं की पेटतात. सुजित आयटीआय करून निघोज्याच्या कंपनीत लागला, तुला तिथंच भेटला, आणि तुझ्या पावलानं घराला पुन्हा आवाज आला. लग्नानंतर जेजुरीला जीपनं जायचं म्हणून त्यानं किती उड्या मारल्या! शेवटी गेलात मोटरसायकलवरच, आणि भंडाऱ्यानं पिवळे होऊन आलात. परत आल्यावर त्यानं बॉनेट उघडलं, म्हणाला, आई, पुढच्या वर्षी चालू. रविवार आला की तो जीपमध्ये डोकं घालून आणि तू चहा घेऊन मडगार्डवर बसलेली. तू कंपनीत मापं तपासणारी, त्याला म्हणायचीस तुमचं सगळं अंदाजपंचे, आणि तो म्हणायचा, अंदाज चुकला असता तर तू भेटली असतीस का.

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, ते त्याला उचलायचं होतं. त्याचे सगळे नट त्यानं काढले, पण झाकण उचलेना. ते ज्या स्टडांवर बसलं होतं, त्या लोखंडी खुंट्या झाकणाच्या भोकात आणि खाली ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या धडाच्या, आट्यांत गंजून एकजीव झालेल्या. मग एकेक स्टडच काढायचा म्हणून त्यानं पुढून तिसऱ्यावर दोन नट एकमेकांवर आवळले, खालच्या नटाला पाना लावला, आणि जरा हलला म्हणून ओरडून आपल्या दोघींना बोलावलं. आपण बघायला गेलो, आणि खरंच हलला होता. तेवढ्यात सेकंड शिफ्टची वेळ झाली. पाना तसाच नटावर ठेवून, हात पुसून तो गेला, आणि त्या शिफ्टवरून तो आला नाही.

तेव्हापासून तो पाना तिथंच होता. तू त्याच्यावर तुझी जुनी ओढणी घालून ठेवलीस. बॉनेट उघडून धूळ झटकायचीस ती सुद्धा पान्याला धक्का न लावता, भोवतीनं. रोहिदास वेल्डिंगवाले एकदा तो पाना मागायला आले तर तू त्यांच्याशी असं बोललीस की तो बिचारा माणूस आठवडाभर आपल्याकडं चहाला आला नाही. मला तेव्हा वाटलं, केवढी माया गं पोरीची! डांगे चौकात भाजी घेताना बायका म्हणायच्या, सुमनताई, सून असावी तर तुमच्या तेजलसारखी, नवरा गेला तरी सासू सोडली नाही. मीही पिशवी खाली ठेवून ऐकत उभी राहायचे. ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

आता दसऱ्याचं सांगते. ह्यांची पद्धत तुला माहीत आहे. बाकीचे लोक गाडीच्या चाकापुढं नारळ फोडतात, हे फोडायचे इंजिनावर. म्हणायचे, जीव जिथं आहे तिथं पूजा. बॉनेट वर करायचं, हळदकुंकू व्हायचं, हेडच्या कडेवर नारळ आपटायचा आणि सगळं पाणी इंजिनावर सोडायचं. ह्यांच्यामागं सुजितनं तेच केलं, आणि सुजितच्या मागं तीन दसरे तू आणि मी केलं. तू नारळ फोडायचीस, मी पाणी फिरवायचे, कुठला कोपरा कोरडा राहू नये म्हणून हातानं सारवायचे. त्या पान्यावर तर आपण जास्तच घालायचो, आठवतंय? दोघींच्या डोळ्यांना धार, आणि नारळाच्या पाण्याची धार, सगळं तिथंच.

यंदा एकटीच होते. नारळ हातात घेतला, तुझी ओढणी बाजूला केली, आणि ऊन अगदी त्या वेळी पत्र्याच्या फटीतून सरळ इंजिनावर पडलं. हेडवरून खाली ब्लॉकवर तांबडे ओघळ उतरलेले दिसले. आधी वाटलं कुंकू आहे. बोटानं पुसलं तर गंज. जिथं जिथं स्टड, तिथून एक ओघळ, आणि तिसऱ्याच्या भोवती तर पापुद्रे सुटलेले. तशीच नारळ हातात घेऊन टायरावर बसले. सुजितनं नट काढले, म्हणजे स्टडांच्या भोकांची तोंडं उघडी झाली. आधी पाणी वरच्यावर ओघळून जात असेल, पण त्याच्यानंतरचं, आपल्या दोघींच्या हातचं सगळं, सरळ आत गेलं. नारळाचं पाणी, त्यात मीठ. दरवर्षी एवढ्या भक्तीनं, एवढं हात फिरवून, आपणच त्याला गंज पाजत होतो, तेजल. ह्यांनी, सुजितनं नाही लावला तेवढा आपण लावला.

त्या दिवशी नारळ चाकापुढं फोडला. पाणी मातीला दिलं. इंजिन फडक्यानं कोरडं केलं. आणि दुसऱ्या सकाळी पाना काढला. सहज निघाला गं. मला वाटलं होतं तो पण धरून बसला असेल, पण तो नुसता टेकलेला होता. मडगार्डवर ठेवला, जरा वेळ बघत राहिले, मग चहा केला.

रोहिदासभावजींना हाक मारली तर आधी ते लांबूनच म्हणाले, सूनबाईची परवानगी आहे का, मला पुन्हा शिव्या खायच्या नाहीत. मी म्हटलं माझ्या जबाबदारीवर या. सगळं बघून त्यांनी जीभ चावली. म्हणाले, वहिनी, हे इंजिन आहे का खारवलेला मासा? मला हसू आलं, आणि हसले म्हणून बरं वाटलं. मग ठरलं की घाई नाही. जुनं इंजिन ऑईल आणि डिझेल एकत्र करून प्रत्येक स्टडाच्या मुळाशी थेंब थेंब सोडायचं, ठेवायचं, उद्या पुन्हा. जसं घट्टे पडलेल्या टाचेला तेल जिरवतात तसं. सकाळी शटर उघडलं की देवाला दिवा आणि जीपला तेल, हा माझा नेमच झाला. आणि स्टडाच्या डोक्यावर हातोडीनं हलके हलके ठोके, दुखवायला नाही, जागं करायला. हे म्हणायचे, सुमन, गंजलेल्याशी भांडायचं नसतं, त्याची समजूत काढायची असते. माणूस जोर लावतो तो लोखंडावर नाही, स्वतःच्या रागावर लावतो, आणि मग तुटतं.

आटे सोडवायची त्यांची रीत अशी की थोडं सोडायचं आणि लगेच थोडं आवळायचं. नवशिक्याला हे पटत नाही. त्याला वाटतं हलला ना, मग ओढ. पण तसा ओढला की गंजाचा चुरा आट्यांत दाटतो आणि स्टड आणखी धरतो. म्हणून सोडायचं, मागं यायचं, तेल द्यायचं, परत सोडायचं. मागं येणं म्हणजे हरणं नाही, चुरा निघायला वाट देणं. मला हे करताना फार बरं वाटायचं. समोर स्कूटर दुरुस्तीला आलेली माणसं ताटकळायची, म्हणायची, मावशी, आमचं बघा की. मी म्हणायचे, थांब रे, हा नुकताच बोलायला लागलाय.

मागचे स्टड आधी सुटले. त्या बाजूला बॉनेटची कड येते म्हणून पाणी कमी गेलं असेल. पहिला सुटला तेव्हा कोण आवाज केला त्यानं! करकर करत वर आला, आणि खालचे आटे बघितले तर नव्यासारखे चकचकीत. मधल्यांनी त्रास दिला. त्यांना रोहिदासभावजींनी गॅसच्या ज्योतीनं तापवलं, आणि तापल्यावर मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आपसूक आत ओढलं जातं, आट्याआट्यांत उतरतं. लाइट गेल्यावरची ती फ्रीजवरची मेणबत्ती, तीच घेतली. लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं की आपण गरम पाण्यात धरतो, त्यातलाच प्रकार. एकेक करत सगळे निघाले. राहिला तिसरा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. भावजींनी दोनदा हात घातला, दोनदा मीच म्हटलं, राहू द्या, तो मी करीन.

आणि तो मी तोडला, तेजल. त्याच दोन नटांवर, सुजितचाच पाना लावून. रोजच्यासारखं तेल दिलं नाही, तापवलं नाही, मागं आले नाही. माझं चित्त त्या दिवशी थाऱ्यावर नव्हतं. आदल्या दिवशी कुणीतरी येऊन गेलं होतं, ते सांगतेच पुढं. डोक्यात तेच घोळत होतं, आणि हातानं नुसता जोर लावला. पाना एकदम हलका झाला. मला वाटलं सुटला. बघते तर नटांसकट वरचा तुकडा पान्यात, आणि खालचा भाग झाकणाच्या भोकात, आतल्या आत.

तशी मी रडणारी बाई नाही. सुजितच्या वेळी लोकांनी मला सांगितलं होतं, रडा, मोकळ्या व्हा, आणि मला रडू येत नव्हतं. तुला सावरायचं होतं ना. त्या दिवशी मात्र भर दुपारी, शटर उघडं, समोर रस्त्यावर पीएमपीच्या बसची गर्दी, आणि मी तो तुकडा पदरात धरून बसले. त्याच्या हातानं हललेला होता तो. एवढं एक त्याचं अर्धं काम तुझ्यासाठी राखायचं होतं, तेही मला जमलं नाही असं वाटलं. भावजी धावत आले, त्यांना वाटलं हात चिरडला. तुकडा बघितला, मग वाकून भोकात बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. मी म्हटलं गेलं सगळं. तर म्हणाले, "वहिनी, तुटला म्हणजे गेला नाही. मुळाशी तो आहे तिथंच आहे. त्याला धरायला जागा तेवढी नवीन करावी लागंल."

मग त्यांनी वेल्डिंगचं मशीन ओढत आणलं. आत जो बुंधा राहिला होता त्याच्यावर ठिणगी ठिणगीनं धातू चढवला, झाकणाच्या वरपर्यंत आणला, आणि त्याच्यावर एक नवाकोरा नट जोडला. मला तोंड फिरवायला सांगितलं, वेल्डिंगच्या उजेडाकडं बघू नये म्हणून, पण तेवढ्यासाठीच सांगितलं नसावं. काम झालं, तांबडालाल नट काळा पडला, तेव्हा मेणबत्ती माझ्या हातात दिली. मी मेण टेकवलं, धूर झाला. पाना लावला, थोडा सोडला, थोडा आवळला, पुन्हा सोडला. आणि तो फिरला गं. वेल्डिंगच्या तापानं त्याची पकडच गेली होती. ज्या तुटण्याला मी रडत होते, त्याच्यामुळंच त्याला एवढी आच मिळाली. हातानं गरगर फिरवून वर काढला. वरून काळा, मधे गंजानं निम्मा खाल्लेला, कंबरेत बारीक झालेला. पण खालचे आटे शाबूत, ओले, चमकणारे.

हेड त्यानंतर दोन पहारी लावून उचललं. आत काय असेल ह्याची भीती होती, पण सिलिंडर वाचलेत. नुसती तांबूस झाक आहे. एका भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं सापडलं, रिकामं. ब्लॉक भोसरीला बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून घासून घ्यायला, गेलाय, नवे स्टड तिथंच लेथवर होत आहेत. त्यांचं माप घेताना मला तुझी फार आठवण आली. ते मोजायचं यंत्र तुझ्यासारखं कुणाला धरता येत नाही. भावजी म्हणतात माघापर्यंत जीप स्वतःच्या पायांवर उभी राहील, आणि मी त्यांना म्हणते की दरवेळी तुम्ही महिना सांगता आणि वर्ष सांगत नाही. ते चिडतात.

आता आदल्या दिवशी कोण आलं होतं ते. केसरबाई आल्या होत्या, निघोज्याच्या. समर्थच्या आई. समर्थ म्हणजे तुमच्या मेंटेनन्समधला, सुजितच्या दहाव्याला ज्यानं सगळ्यांच्या चपला रांगेनं लावल्या होत्या आणि स्वतः उन्हात उभा राहिला होता, तो. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पिशवीत शेतातले कांदे आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन, दोन बस बदलून एकट्या आल्या. मी घरात चला म्हटलं तर नको म्हणाल्या, तुमचं काम चालू द्या. टायरावरच बसल्या, शेंगा फोडत. मी ठोके देत होते, त्या बोलत होत्या, कंपन्या आल्यावर त्यांच्या शिवारात काय उरलं, म्हशी कुठं बांधायच्या, कांद्याला भाव, असलं सगळं. शेंगदाणे सोलून माझ्या पुढ्यात ठेवत होत्या आणि मी खात होते. मला वाटलं गाडीचं काही काम असेल. उठताना मात्र पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी तुमची परवानगी मागाया आले न्हाई, ताई. आमच्या समर्थला तुमची तेजल पसंत हाय, पर तिनं न्हाई म्हणून सांगितलंय. आईंना एकटं टाकून येनार न्हाई म्हणाली. तुमास्नी म्हाईत असावं, एवढ्यापायी आले." आणि गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

खरं सांगते, आधी मला माझ्या सुजितची बायको कुणीतरी मागतंय, एवढंच ऐकू आलं. मग तुझं उत्तर आठवून आतून एक गारवा पसरला, की माझी आहे, माझ्यासाठी नाही म्हणाली. सकाळी उठले तेव्हा तो गारवा काही राहिला नव्हता. तुझी ती ओढणी दोरीवर वाळत होती. त्या ओढणीला सुद्धा गंजाचे डाग पडलेत, धुऊन जात नाहीत. त्या डागांकडं बघत बघत पाना हातात घेतला, आणि पुढचं तुला सांगितलंच.

त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहिते आहे. सुजितच्या त्या स्टडवर दोन नट होते ना, एकमेकांवर आवळलेले. तसे आवळले की एकही सुटत नाही, म्हणून तर कामाला येतात. आपण तशाच राहिलो आणि त्यामुळंच तगलो, मी तुझ्यावर टेकून आणि तू माझ्यावर. पण काम झाल्यावर ते दोन नट कुणाला तरी सोडवावे लागतात, पोरी, आणि ते वरच्यानं आधी सुटायचं असतं. वरची मी आहे, वयानं. म्हणून आधी मी सुटते. मी एकटी नाही. गॅरेज आहे, भावजी आहेत भांडायला, मांजरीची पिल्लं आहेत, आणि तू निघोज्याला गेलीस म्हणजे साणंदपेक्षा किती जवळ, मोशीमार्गे मी दुपारच्या जेवणाला येईन आणि तुमच्या म्हशींना नावं ठेवून परत येईन. घोडेगावला तुझ्या आईबाबांशी बोलले, त्यांनी फोनवर रडायला सुरुवात केली, मग मीच ठेवून दिला. सुजितचा स्टड देव्हाऱ्यात ठेवलेला नाही. तेल लावून, फडक्यात गुंडाळून, ह्यांच्या टूलपेटीच्या खालच्या खणात ठेवलाय. त्याला सांभाळायचं काम माझं, मी आई आहे त्याची, आणि त्याला मी गंजू देणार नाही. ते काम तुझ्याकडून मी काढून घेतलं. पाना तेवढा तुझा, तो आल्यावर ने, पण वापरायला ने. तुळशीचं लग्न काल लागलं, आता तिथी निघतील. ह्या घराला मुलगी झाली नाही म्हणून ह्यांच्या मनात राहून गेलं होतं, पण ती झाली होती, थोडी उशिरा झाली, सून म्हणून आली. जीप तिच्या पाठवणीसाठी तयार होते आहे. झेंडूची तोरणं लावू. चालवायला हे नाहीत, तर मी बसेन, लायसन आहे माझ्याकडं. हे वाचून झालं की डोळे पूस आणि फोन कर. मला नंतर कर. आधी निघोज्याला कर.

तुझीच,
काळेवाडीची आई